अकरा नमुन्यांचं एकच उत्तर

१

रोज सकाळी साडेनऊला मी बुरशी वाचायला बसते. लोक पेपर वाचतात, मी बुरशी वाचते. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्सरेच्या खोलीला लागून आमची प्रयोगशाळा आहे, आणि गेली चौदा वर्षं माझं तिथं हेच काम. पेशंटच्या रक्तात सापडलेली बुरशी कोणत्या औषधाला दबते आणि कोणत्याला भीक घालत नाही, ते बघायचं.

काम तसं सोपं आहे. प्लास्टिकची एक ताटली, तिच्यात नखाएवढे शहाण्णव खळगे. एका ओळीत एकच औषध, पण पहिल्या खळग्यात कडक, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, तिसऱ्यात त्याच्याही निम्मं, असं फिकं होत जातं. सगळ्यांत थोडी थोडी बुरशी सोडायची आणि चोवीस तास उबेत ठेवायची. बुरशी वाढली की खळगा धुरकट होतो, मेली की स्वच्छ राहतो. किती फिक्या औषधाला ती मरते, तो तिचा आकडा. आकडा जेवढा लहान तेवढं पेशंटचं नशीब मोठं.

आमची एक शिस्त आहे. वाचणाऱ्यानं लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्यानं बघायचं नाही. मी ताटली आरशावर धरते, खालून खळग्यांचे तळ दिसतात, आणि मी आकडे खणखणीत आवाजात म्हणते. मास्तर माझ्याकडे पाठ करून ते वहीत उतरवतात. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यांत जुने टेक्निशियन. यामुळे लबाडी होत नाही. मनात हवा तो आकडा डोळ्यांना दिसायला लागला, तरी वहीत लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो.

त्या सोमवारी मी नुसती उडत होते. महिन्याभरात अकरा पेशंटच्या रक्तात एकाच जातीची बुरशी सापडली होती. सगळ्यांना वाटलं, एकीकडून दुसरीकडे पसरली. मी तिचे जनुकांचे ठसे काढले, तर अकराच्या अकरा वेगवेगळे! एकाचा ठसा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. अकरा घराणी, एकमेकांची तोंडंही न बघितलेली. असं वैविध्य एका इमारतीत सापडणं म्हणजे आमच्या धंद्यात लॉटरीच. मला हसू आवरत नव्हतं, आणि हसल्याची लाजही वाटत होती. कारण अकरावा नमुना माझ्या दादाचा होता.

दादा गाडी शिकवायची शाळा चालवतो. आतडं फुटलं म्हणून ऑपरेशन झालं, ते नीट झालं, आणि चौथ्या दिवशी ताप चढला. रक्तात बुरशी. वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात तो पडला होता आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसून होती.

अकराही ताटल्या मी एकदम वाचायला घेतल्या. औषधांची नावं इथं लिहिणार नाही. पहिलं, दुसरं, तिसरं एवढंच म्हणेन. का, ते कळेलच.

"एक नंबर, पहिलं औषध, आठ," मी म्हटलं. "दोन नंबर, आठ. तीन नंबर, आठ."

सहाव्या आठला मास्तरांचं पेन थांबलं. "मॅडम, ताटली बदलताय ना? का तीच तीच वाचताय?"

अकराही आठ. आठ म्हणजे औषधाला भीक घालत नाही.

२

आता गंमत बघा. हेच नमुने एकेक करून आले तेव्हा मी वाचले होते. कुणाचा आकडा एक, कुणाचा अर्धा, कुणाचा दोन. दादाचा तर गुरुवारीच वाचला होता, पाव! त्या दिवशी मी पेढे वाटायचीच बाकी होते. त्यावरच दादाच्या डॉक्टरबाईंनी पहिलं औषध सुरू केलं. आणि दादाचा ताप चार दिवसांत तसूभर हलला नव्हता.

परीक्षेत अकरा मुलांनी एकच चूक केली तर पेपर तपासणारा काय म्हणेल? कॉपी. पण ही पोरं वेगवेगळ्या वर्गांत, वेगवेगळ्या दिवशी बसलेली. मी म्हटलं, चूक आपलीच. औषध जुनं झालं असेल. नवी बाटली फोडली, नव्या ताटल्या भरल्या. तरी आठ.

त्यांच्या जोडीला कसोटीची बुरशीही लावली. ही आमची मापपट्टी. ती दुसऱ्याच जातीची, कुणाच्या अंगात कधी न गेलेली, बाहेरून विकत आणलेली. हे औषध आल्यापासून तिचा आकडा कायम पाव. तो पाव आला की समजायचं आपलं काम बरोबर.

"कसोटी, आठ," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला चमत्कारिक वाटला.

"चष्मा पुसा," मास्तर म्हणाले. मी पुसला. मग त्यांना उठवून, शिस्त मोडून, ताटली दाखवली. त्यांनी आरशात बोट फिरवत एकेक खळगा मोजला.

"हिला कुणी शिकवलं?" ते म्हणाले.

मी उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून सहा वर्षांपूर्वी गोठवलेल्या बुरशीच्या कुप्या काढल्या. बर्फाचा दगड झालेल्या, कुणी हात न लावलेल्या. वितळवल्या, वाढवल्या आणि गुरुवारी सकाळी वाचल्या. आठ, आठ, आठ. जे औषध तेव्हा बाजारातही नव्हतं, त्याच्यापुढे त्या मजेत वाढल्या होत्या. मला घाम फुटला, पण खरं सांगते, छाती आनंदानंही धडधडत होती. असलं काही आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

३

दुसऱ्या औषधाला मात्र सगळ्या पटापट मेल्या. हे चालू असतानाच, मंगळवारी ते वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच ओरडले, "मास्तर, दुसरं औषध, अकराही पाव! मेल्या सगळ्या!"

मी धावत जिने चढून डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी दादाला दुसरं औषध लगेच लावलं. दादा गुंगीत होता, तरी मला बघून पुटपुटला, "काय खारूताई, कुणाचा अपघात करून आलीस?" मी लहानपणापासून अशीच तुरतुरते, म्हणून मी खारूताई. वहिनीला मी मिठीच मारली. "दोन दिवस थांब, वहिनी. बघ कसा उठून बसतो."

बुधवारी सकाळी खात्रीसाठी पुन्हा ताटल्या लावल्या, गुरुवारी वाचल्या. मी पहिला आकडा म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"काय झालं?" पाठमोऱ्या मास्तरांनी विचारलं.

अकराही आठ. कसोटीही आठ. एकाही खळग्यात जीव मेला नव्हता. आणि वर दादाचा ताप एकशे तीन.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. वेड्यासारखं वागायचं नाही, मी स्वतःला बजावलं. बुरशी बदलते, मान्य. पण त्याला पिढ्या लागतात, औषधाशी गाठ पडावी लागते. अकरा घराणी एका रात्रीत, एकाच आकड्यावर, एकमेकांना न भेटता? आणि फ्रीजरमधलीसुद्धा? दादासाठी औषध एकच उरलं होतं. तिसरं.

४

ते लगेच वापरायचा धीर होईना. कपाटात एक फार जुनं औषध पडलं होतं. पेशंटना आता कुणी देत नाही, मूत्रपिंडाची वाट लागते. म्हटलं, याच्यावर खेळून बघू. शुक्रवारी त्याची ताटली वाचायची होती, आणि नेमके मास्तर दाढ काढायला गेलेले. मी एकटीच. आरडाओरडा कुणासाठी करायचा? गप्प वाचलं, गप्प लिहिलं. अर्धा. शनिवारी पुन्हा गप्प. अर्धा. रविवारीही मुद्दाम आले. अर्धा!

एक औषध जागचं हललं नव्हतं. मी विचार करकरून डोकं खाजवलं. बाटली तीच, ताटल्या त्याच, हात माझाच. मग काय वेगळं?

सोमवारी मास्तर गाल सुजवून आले. मी ताटली आरशावर धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "जुन्याचं काय आलं हो मॅडम?"

"जुनं औषध? अर्धा," मी सहज म्हटलं.

आणि आरशात काहीतरी हललं.

खळग्यांच्या तळाशी बुरशीचा पांढुरका थर बसलेला असतो, ठिपक्यासारखा. ताटली हलवल्याशिवाय तो उठत नाही. माझे हात टेबलावर टेकलेले होते. पण जिथं जिथं ती जिवंत होती, तिथं तिथं ते ठिपके वर उठले, सगळे एकदम, आणि माझ्या तोंडाच्या बाजूच्या कडेला जाऊन गोळा झाले. क्षणभरच. मग हळूहळू खाली बसले.

माझा श्वास लागला असेल. एक्सरेच्या मशीननं भिंत थरथरली असेल. मी ताटली खाली ठेवली, पंखा बंद केला, काही नाही.

मंगळवारी जुन्या औषधाचा आकडा आठ.

मी मास्तरांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "बोलल्यानं होतंय! मास्तर, आपण बोलतो म्हणून होतंय!" ते दाढ धरून "आई गं" म्हणाले. मी तीनदा ताडून बघितलं, कपाटातल्या तीन टाकाऊ औषधांवर. गप्प वाचलं की आकडा जागेवर. तिच्यासमोर नाव आणि आकडा उच्चारला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे आठ. मी नाचायचीच बाकी होते. चौदा वर्षं आपण ज्याला शिस्त म्हणत होतो, ती तिच्यासाठी शिकवणी होती, आणि आता कुठं तिला आपली भाषा कळायला लागली होती!

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी वही मिटली, उठले, उबेच्या पेटीचं दार घट्ट लावलं आणि खिशातून कागद काढून लिहिलं: "इथं आता बोलू नका."

५

तिसऱ्या औषधाची ताटली मी ओठ दाबून वाचली. अकराही नमुन्यांत स्वच्छ खळगे. अगदी फिक्या औषधालासुद्धा मेलेली. आकडा चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी मुठीत धरली आणि डॉक्टरबाईंना गाडीतळावर बोलावून सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "तू शेवटची नीट जेवलीस कधी?"

"वही बघा, मॅडम. मग मला वेडी म्हणा."

त्यांनी वही चाळली. पुन्हा चाळली. अकरांपैकी पाचजण गेले होते, तिघांना दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं होतं. आता वर तिघंच उरले होते. दादा, त्याच्या शेजारच्या खाटेवरचे एक आजोबा, ते आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, आणि कोपऱ्यातल्या एक शाळेच्या बाई. तिघांनाही या औषधाशिवाय काही उरलं नव्हतं.

"माझा काडीचा विश्वास नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण गप्प बसायला आपलं काय जातंय?"

खरी लढाई मोठ्या सिस्टरांशी झाली. त्यांचा नियम असा, की औषध देण्याआधी खाटेशेजारी दोघींनी उभं राहून पेशंटचं नाव, औषधाचं नाव आणि प्रमाण मोठ्यानं म्हणायचं. त्या नियमानं किती जीव वाचलेत ते त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

"सिस्टर, माझा भाऊ आहे हो," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. "मी काही मागितलंय का कधी तुमच्याकडे?"

त्या विरघळल्या. "बरं. बाहेर स्टोअरमध्ये मोठ्यानं म्हणू. आत नुसतं बोट ठेवू. पण हे तुमचं खूळ आहे, मॅडम, हे सगळ्या पोरींना सांगून ठेवते." सगळ्या परिचारिकांना निरोप गेला. कुणी हसलं, कुणी खांदे उडवले. पण तिसरं औषध मुक्यानं सुरू झालं.

६

दुसऱ्या दिवशी ताप शंभर. तिसऱ्या दिवशी उतरलाच! मी जिन्यात वहिनीच्या हाताला धरून गिरकी घेतली. वहिनी रडत होती आणि हसत होती आणि म्हणत होती, "अगं पडू आपण, पडू!" आजोबांचा ताप उतरला, शाळेच्या बाईंचाही. खाली माझ्या ताटल्यांत तिसऱ्या औषधाचे खळगे रोज स्वच्छ. मी रोज तोंडावर बोट ठेवून वाचत होते, आणि मास्तर माझ्या खुणा बघून वहीत लिहीत होते. दोन मुकी माणसं बुरशीला फसवत बसली होती, आणि मला तर त्याची चक्क मजा वाटायला लागली होती.

एकच अट होती. रक्तातून बुरशी गेल्यावरही औषध चौदा दिवस चालवायचं. मध्येच ते निकामी झालं, तर पुढं काही नाही. हे डॉक्टरबाईंनी मला दोनदा सांगितलं, आणि मी वहिनीला चारदा.

७

पाचव्या दिवशी दुपारी चारला, भेटायच्या वेळेला, मी वर गेले. वहिनी आंघोळीला घरी गेली होती. दादाची दाढी कुणीतरी करून दिली होती. गाल आत गेले होते, पण डोळ्यांत ओळख होती. सकाळी त्याला चमचा उचलवत नव्हता, म्हणून मीच त्याचा हात हातात घेऊन बसले.

"खारे," तो म्हणाला, "मला काय देताय गं?"

"औषध."

"नाव काय त्याचं?"

"तुला काय करायचंय नावाशी? लायसन काढायचंय का त्याचं?"

तो हसला. "सांग ना."

"बरा हो, मग सांगते. कागदावर लिहून देते, फ्रेम करून लाव."

"कागदावर नको. सांग." त्याचा आवाज मऊ होता, फार मऊ. दादा असा कधी बोलत नाही. तो शिकाऊ पोरांवर ओरडून ओरडून घसा बसलेला माणूस. आजारपणानं मऊ झाला असेल, मी म्हटलं.

"बरं, नाव राहू दे," तो म्हणाला. "नुसता आकडा सांग. पाव, की त्याहून कमी?"

माझा अंगठा त्याच्या मनगटावर थांबला. दादाला क्लच कळतो, गिअर कळतो. आमच्यात आकडे असतात हे मी त्याला जन्मात कधी सांगितलं नव्हतं. वहिनीनं सांगितलं असेल? तिलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाई राउंडला कुणाशी बोलल्या असतील, यानं गुंगीत ऐकलं असेल. हो, तसंच असेल. आणखी काय असणार?

"मला भीती वाटतेय गं," दादा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी, माझ्या हातावर पडलं ते गरम होतं. बाबा गेले तेव्हासुद्धा मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. "काय आहे ते कळलं ना, तर बरं वाटेल. एवढं तरी कर माझ्यासाठी."

माझ्यानं बघवेना. तो माझा दादा होता. तो दादाच होता, मी शपथेवर सांगते. आणि तो विचारत होता, आणि उरलेल्या दिवसांत मला त्याच्याशी साधं खरं बोलता येणार नव्हतं. मी वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्या औषधाचं नाव सांगितलं. त्याला पहिल्यांदा लावलेलं, कधीचं निकामी झालेलं. "आकडा पाव," मी म्हटलं.

दादानं डोळे मिटले. चेहरा शांत झाला. मी सुटकेचा श्वास सोडला.

"ते नाही," पडद्यापलीकडून आवाज आला.

मऊ, फार मऊ. आजोबांच्या खाटेवरून.

"ते जुनं झालं. खरं कोणतं?"

"खरं कोणतं?" कोपऱ्यातून शाळेच्या बाई म्हणाल्या. तोच सूर, तेवढाच थांबून.

टेबलाशी बसलेली दुपारची सिस्टर ताडकन उठली. तरुण पोरगी, कामाची, सगळ्यांची लाडकी. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलला. "अगं बाई, आजोबा बोलले! मॅडम, ऐकलंत? आजोबा बोलले!" ती धावत त्यांच्या खाटेशी गेली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून वाकली. "काय हवंय, आजोबा? कशाचं विचारताय? औषधाचं?"

"सिस्टर, नको!" मी ओरडले. "सांगितलंय ना तुम्हाला!"

"अहो मॅडम, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोललेत," ती हसत म्हणाली. "नुसतं नाव तर विचारतायत. थांबा हं आजोबा, सांगते."

तिचं तोंड दाबायला मी उठले. दादानं माझा हात सोडला नाही.